दिवाळखोरीचे प्रकरण बंद झाल्यावर जुना प्राप्तिकर माफ झाला का, हे कसे तपासावे

अमेरिकेत चॅप्टर ७ खाली (मालमत्ता विकून देणी भागवण्याची दिवाळखोरी) ऋणमुक्तीचा आदेश मिळाला, तरी कोणता कर सुटला हे त्यात लिहिलेले नसते. ते तारखांवरून आपणच ताडून पाहावे लागते. त्यासाठी आयआरएसकडून, म्हणजे तिथल्या प्राप्तिकर खात्याकडून, त्या वर्षाचा अकाउंट ट्रान्स्क्रिप्ट (कर खात्यातील नोंदींचा तारीखवार उतारा) मागवावा. विवरणपत्राची अंतिम मुदत, मुदतवाढ धरून, दिवाळखोरीच्या अर्जाच्या किमान तीन वर्षे आधीची हवी, विवरणपत्र किमान दोन वर्षे आधी भरलेले हवे आणि करआकारणी किमान २४० दिवस जुनी हवी. मुदतवाढ घेतली नसेल, तर २०१७ च्या कराची मुदत एप्रिल २०१८ मध्ये संपली. म्हणून मार्च २०२१ मधला अर्ज या करापुरता फुकट जातो, मे २०२१ मधला पहिल्या कसोटीला उतरतो. फसवणूक किंवा जाणूनबुजून करचुकवेगिरी असेल, तर तारखा कितीही जुळल्या तरी उपयोग नाही. नोकरांच्या पगारातून कापलेला करही सुटत नाही, आणि ते रास्तच आहे. अर्जापूर्वी घरावर नोंदलेला बोजा मात्र सहसा कायम राहतो.

वसुलीची नोटीस आलीच, तर प्रथम आदेशाची प्रत जोडून लेखी कळवावे. वाद मिटला नाही, तर बंद प्रकरण पुन्हा उघडून न्यायालयाकडून निर्णय मागता येतो; केवळ यासाठी प्रकरण उघडण्याचे वेगळे शुल्क दिवाळखोरी न्यायालयांच्या कार्यपद्धतीच्या नियम ४००७ नुसार लागत नाही.