जुन्या जीपच्या काचेची गंजलेली चौकट
कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत जुन्या जीपच्या पुढच्या काचेची चौकट बहुधा खालच्या पट्टीत आतून सडते, कारण रबराखाली झिरपलेले पाणी तिथेच साचते. म्हणून काच आणि रबर काढल्याशिवाय नुकसानीचा अंदाज बांधू नये. पेचकसाचे टोक दाबल्यावर पत्रा पापडासारखा तुटला, तर तो चांगल्या पत्र्यापर्यंत कापून तेवढ्याच जाडीचा तुकडा जोडावा. वेल्डिंग सलग न करता ठिपक्याठिपक्यांनी करावे, कारण उष्णतेने चौकट किंचित जरी वाकडी झाली, तरी सपाट काच बसवताना तडकू शकते. त्यासाठी कापण्यापूर्वीच चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून ठेवावेत, म्हणजे नंतर ताडून पाहता येतील. चौकट पुढे आडवी करता यावी म्हणून असलेल्या बिजागरीजवळचा पत्राही गेला असल्यास माझ्या मते पूर्ण चौकटच बदलावी. रंग वाळल्यावर पोकळीत गंजरोधक मेण फवारावे, मात्र पाणी निथळण्याची भोके बुजू देऊ नयेत.