घरपट्टीचं बिल वाचावं कसं, सवलत मागावी कशी, आणि त्यात शाळेचे पैसे असतात कुठे

घरपट्टीचं बिल हातात पडलं की दोन प्रश्न हमखास निघतात. ‘पाचशे फुटांच्या आतल्या घराला माफी आहे ना?’ हा एक. ‘आम्ही शिक्षण कर भरतो, मग गल्लीतल्या शाळेचा पत्रा का गळतो?’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ती माफी मुंबईची. २०१९ मध्ये तिथे फक्त सर्वसाधारण कर माफ झाला होता, बाकीच्या ओळी बिलात तशाच राहिल्या. पूर्ण माफीचा निर्णय २०२२ मधला. सांगली-साताऱ्याच्या बिलाशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे त्याच्या आधाराने केलेला अर्ज परत येणार हे धरून चाला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र बिलातच आहे. ते एकेक ओळ वाचून काढावं लागतं.

आधी ओळी वेगळ्या करा

एका बिलात दोन मालकांचे पैसे असतात, स्थानिक संस्थेचे आणि राज्य शासनाचे. सर्वसाधारण किंवा एकत्रित मालमत्ता कर, अग्निशमन, दिवाबत्ती, वृक्ष उपकर या ओळी नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या. ‘शिक्षण कर’ आणि ‘रोजगार हमी कर’ या दोन ओळी १९६२ च्या राज्य कायद्याखाली येतात. पालिका त्या फक्त गोळा करते आणि सरकारच्या तिजोरीत भरते. तुमच्या शिक्षण करातून तुमच्याच वॉर्डातल्या शाळेचा पत्रा बदलेल, अशी सोय त्या कायद्यात नाही.

काही बिलांत शिक्षणाच्या दोन ओळी दिसतात. एकीवर ‘शासन’ किंवा ‘राज्य’ लिहिलेलं असतं, दुसरीवर ‘मनपा’ किंवा ‘विशेष’. ही दुसरी ओळ स्थानिक असते आणि तिचे पैसे गावातच राहतात. म्हणून सवलत मागायच्या आधी पेन्सिलीने शासनाच्या ओळींवर ‘शा’ आणि स्थानिक ओळींवर ‘पा’ लिहा. पुढचा निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

करयोग्य मूल्य तपासा

शहरात बहुतेक ठिकाणी घराचं वार्षिक भाडेमूल्य धरतात, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करतात आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर कर लावतात. उदाहरणासाठी ६०० चौरस फुटांचं घर घेऊ आणि चौरस फुटाला महिना २ रुपये दर धरू. (दर इथे सोयीसाठी घेतला आहे. तुमचा दर तुमच्या विभागाच्या तक्त्यात बघा.) महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रुपये होतात. १,४४० वजा केले की करयोग्य मूल्य १२,९६०.

राज्य शिक्षण कराचा दर मूल्याप्रमाणे चढत जातो. निवासी वापराला तो २ ते ६ टक्के असतो आणि मूल्य ६,००० रुपयांच्या वर गेलं की ६ टक्के लागतो. म्हणजे या घराला ७७७ रुपये ६० पैसे.

आता याच घराच्या पुढच्या खोलीत कधीकाळी किराणा दुकान होतं आणि पालिकेच्या दप्तरी सगळं घर अजून ‘बिगरनिवासी’ आहे असं समजा. शिक्षण कराचा दर दुप्पट, १२ टक्के होतो, म्हणजे १,५५५ रुपये २० पैसे. शिवाय निवासी घराला न लागणारा रोजगार हमी कर ३ टक्क्यांनी लागतो, ३८८ रुपये ८० पैसे. दोन ओळींची बेरीज १,९४४. फरक १,१६६ रुपये ४० पैशांचा, आणि तो दरवर्षी. पालिकेच्या सर्वसाधारण करातला फरक यात धरलेलाच नाही. दुकान बंद करून दहा वर्षं झाली, शटर काढून खिडकी बसवली, तरी वापराचा रकाना आपोआप बदलत नाही. तो अर्ज करूनच बदलून घ्यावा लागतो.

सवलतीपेक्षा दुरुस्ती जास्त पैसे वाचवते, आणि तिच्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. म्हणून या चार गोष्टी आधी बघा:

- वापर: निवासी, बिगरनिवासी की मिश्र. मिश्र असेल तर दोन्हींचं क्षेत्र वेगवेगळं लिहिलंय का?
- क्षेत्रफळ: फूट की मीटर? १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. एकक चुकलं की आकडा दहापट फुगतो. उघडी गच्ची, जिन्याखालची जागा आणि गोठा खोल्यांत मोजलाय का, तेही बघा.
- बांधकामाचा प्रकार आणि वय: मातीच्या भिंतींवर पत्र्याचं छप्पर असलेलं घर ‘आरसीसी’ म्हणून नोंदलं गेलं की दर थेट वरच्या पायरीवर जातो.
- दुहेरी नोंद: साताऱ्याची हद्दवाढ २०२० मध्ये झाली आणि शाहूपुरी, विलासपूरसारखा भाग नगरपालिकेत आला. अशा ठिकाणी ग्रामपंचायतीच्या जुन्या नमुना ८ ची (घरांच्या कर आकारणीच्या यादीची) नोंद आणि नवी नगरपालिका आकारणी ताडून पाहा. एकच घर वडिलांच्या आणि मुलाच्या नावाने दोनदा चढलेलं असू शकतं.

हरकत कशी घ्यायची

नगरपालिकेत फेरआकारणी साधारण चार वर्षांनी होते. यादी लागते, नोटीस येते, हरकती मागवतात, सुनावणी होते. मुदत नोटिशीवर छापलेली असते आणि तीच धरायची. ‘शेजाऱ्याला महिना दिलाय’ हे कुणी ऐकून घेत नाही. नोटीस मिळाल्याची तारीख पाकिटावरच लिहून ठेवा.

अर्ज एका पानाचा पुरे. मालमत्ता क्रमांक, वॉर्ड, काय चुकलंय, बरोबर काय हवं आणि त्याचा पुरावा एवढंच लिहा. ‘कर फार जास्त आहे, कमी करावा’ असं लिहिलंत तर सुनावणीत बोलायला काही उरत नाही. ‘क्षेत्र ९२ चौ. मी. नोंदले आहे, मंजूर नकाशाप्रमाणे ६१ चौ. मी. आहे, मोजणी करून दुरुस्त करावे’ असं लिहिलंत तर अधिकाऱ्याला टेप घेऊन यावंच लागतं. सोबत खरेदीखत किंवा उतारा, मंजूर नकाशा, वीजबिल आणि तारखेसह फोटो जोडा. दुकान बंद केल्याचं सांगायचं असेल तर वीजजोडणी घरगुती झाल्याचं बिल हा सर्वांत भक्कम पुरावा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

बहुतेकांची चूक होते ती यापुढे. हरकत घेतली म्हणून भरणा थांबवतात. थकलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. ५,००० रुपये थकले तर महिन्याला १०० आणि वर्षाला १,२००. हरकत मंजूर होऊनही हातात काही उरत नाही. ‘हरकतीच्या अधीन राहून’ असं लेखी देऊन पैसे भरावेत आणि फरक पुढच्या बिलात वळता करून मागावा. महापालिकेच्या आकारणीविरुद्ध न्यायालयात अपील करायचं तर मागणीची रक्कम आधी भरावीच लागते. मधूनमधून येणाऱ्या अभय योजनेत सूट मिळते ती सहसा शास्तीत. तिची वाट बघत मुद्दल थकवणं हा जुगार आहे.

घर रिकामं असेल किंवा पुरात भिंती कोसळल्या असतील तर आधी लेखी कळवा. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या सांगलीकरांना पंचनाम्याची किंमत सांगायला नको. पंचनाम्याची प्रत करविभागात दिली नाही, तर दप्तरात घर उभंच असतं आणि बिल येत राहतं.

माजी सैनिकांसाठी

साताऱ्यात हा भाग वगळून चालणार नाही. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव याच जिल्ह्यात आहे. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांना घरपट्टीत सूट देण्याचा शासन निर्णय सप्टेंबर २०२० चा आहे. ती एकाच मालमत्तेला मिळते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं आणि अर्ज ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत स्वतः करावा लागतो. अर्ज अडतो तो बहुधा नावावर. घर वारसानोंद न झाल्याने अजून आजोबांच्या नावावर असतं आणि प्रमाणपत्र नातवाचं असतं. आधी वारसनोंद, मग सवलतीचा अर्ज, हा क्रम ठेवा. मंजुरीनंतरच्या पहिल्या बिलात कोणत्या ओळी शून्य झाल्या आणि कोणत्या राहिल्या, तेही बघा. राहिलेल्या ओळीबद्दल लेखी विचारा.

ग्रामपंचायतीचं गणित वेगळं

गावात घरपट्टी भांडवली मूल्यावर लागते. जमिनीचं मूल्य आणि बांधकामाचं घसारा धरून काढलेलं मूल्य यांची बेरीज करतात आणि तिला वापराच्या भारांकाने गुणतात. निवासीला १, वाणिज्यिकला १.२५. जे मूल्य येतं त्यावर हजारी दर लावतात. हे सगळे आकडे नमुना ८ वर असतात. सर्वांत जास्त चुकतो तो घसारा, कारण बांधकामाचं वर्षच लिहिलेलं नसतं आणि जुनं घर नवं धरलं जातं. घर किती सालचं आहे याचा कागद द्या. वर्षाची पट्टी पहिल्या सहामाहीत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत भरली तर ५ टक्के सूट मिळते. तिला फक्त तारीख पाळावी लागते.

मग शाळेचं काय होतं?

शाळा कोणाची, यावर सगळं अवलंबून आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचा पगार शासनाच्या अनुदानातून होतो. रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांच्या अनुदानित शाळांतही वेतन शासनच देतं. घरपट्टी कमी झाली म्हणून या पगारांना कात्री लागत नाही. समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेतून शाळेला मिळणारं संयुक्त शाळा अनुदानही पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,००० आणि २५० पर्यंत ५०,०००. त्यातच खडू, दुरुस्ती आणि स्वच्छता भागवायची.

खड्डा पडतो तो इथेच. ४० मुलांच्या शाळेला वर्षभरासाठी २५,००० रुपये. त्यातून वीजबिल भरलं की संडासाची टाकी राहते आणि टाकी उपसली की कौलं राहतात. अशा वेळी मुख्याध्यापक जातात ग्रामपंचायतीकडे, आणि ग्रामपंचायतीचा स्वतःचा पैसा म्हणजे मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी. पालिकेच्या शाळांना तर इमारत, शिपाई आणि पाणी यांसाठी पालिकेच्याच फंडावर विसंबावं लागतं. त्यामुळे सवलतीची झळ पगाराला बसत नाही, नळाला आणि छपराला बसते.

म्हणून सवलती सवलतींत फरक आहे. चुकीचा बिगरनिवासी शिक्का काढून घेतला तर राज्याच्या दोन ओळींतले १,१६६ रुपये तिजोरीतून कमी होतात, वॉर्डातल्या शाळेवर त्याचा थेट परिणाम नाही. शास्तीतली सूट थकलेलं मुद्दल वसूल करून देत असेल तर पालिकेला ती परवडते. सर्वसाधारण करात सरसकट कपात मात्र शाळेच्या दुरुस्तीच्या पैशांतूनच जाते, आणि निवडणुकीच्या आधी घोषणा होते ती नेमकी हिचीच. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करण्याची आणि वसुली वाढती ठेवण्याची अट घातली होती. तेव्हा कर घटवला की कराबरोबर अनुदानही धोक्यात येऊ शकतं.

तुमच्या गावात नेमकं काय होतंय हे बघायचं तर शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला जा. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा तीच करते. आराखड्यातलं काम ग्रामसभेत मांडून ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात चढवून घ्या. शहरात असाल तर मार्चमध्ये पालिकेच्या अंदाजपत्रकातलं शिक्षणाचं पान मागा आणि गेल्या वर्षीची तरतूद व प्रत्यक्ष खर्च हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचा. मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘का’ विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. ‘राज्य शिक्षण कर किती वसूल झाला, शासनाकडे कोणत्या तारखेला किती भरला, शाळा दुरुस्तीच्या लेखाशीर्षाखाली किती तरतूद होती आणि त्यातली किती खर्च झाली’ असं विचारा. एका वर्षापुरतंच विचारा, म्हणजे ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ असं म्हणून अर्ज परत करता येणार नाही.