बालपणीच्या जबाबदाऱ्यांच्या कथांमधून इंग्रजी व्याकरण आणि लेखनाचा सराव

रिकाम्या जागा भरण्याच्या सरावात क्रियापद आधीच दिलेले असते आणि कोणत्या काळाचा धडा चालू आहे हेही विद्यार्थ्याला ठाऊक असते, त्यामुळे खरी निवड त्याला करावी लागतच नाही. तोच विद्यार्थी कोऱ्या पानावर स्वतःची गोष्ट लिहू लागला की प्रत्येक वाक्यापाशी अडखळतो. हे अंतर कमी करण्यासाठी मला एक विषय विशेष उपयोगी वाटतो, तो म्हणजे लहानपणी आपल्यावर सोपवलेले एखादे काम. अशा कथेत रोज घडणारी गोष्ट असते, एका दिवशी वेगळे घडलेले काही असते, कोणीतरी सांगितलेले असते, कोणीतरी मनाई केलेली असते आणि आपण काय करायला हवे होते याची नंतर आलेली जाणीवही असते. या प्रत्येक बाबीसाठी इंग्रजीत ठरावीक रचना आहे आणि कथा ती आपणहून मागते.

येथे इंग्रजी उदाहरणे देवनागरीत दिली आहेत. सराव करताना ती रोमन लिपीतच लिहावीत, म्हणजे स्पेलिंगचाही अभ्यास होतो.

कथा कशी निवडावी

‘माझे बालपण’ हा विषय फार मोठा आहे. एक काम आणि एक दिवस एवढेच घ्यावे: रात्री मागचे दार लावणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे, झाडांना पाणी घालणे, आजी-आजोबांना औषधाची वेळ आठवून देणे, पाळीव प्राण्याला खाऊ घालणे. ते काम नियमित असावे आणि त्यात एक दिवस तरी नेहमीपेक्षा निराळा गेलेला असावा. स्वतःचा प्रसंग आठवत नसेल, तर मेंढ्या राखताना खोटीच आरोळी ठोकणाऱ्या मुलाची जुनी नीतिकथा घेऊनही हा सर्व सराव करता येतो, कारण तीही एका मुलावर टाकलेल्या कामाचीच गोष्ट आहे.

लिहिण्यापूर्वी मराठीत पूर्ण वाक्ये तयार करू नयेत. ती तयार झाली की हात त्यांचे शब्दशः भाषांतर करू लागतो. त्याऐवजी कथेत लागणारी क्रियापदे तेवढी एका ओळीत लिहून घ्यावीत आणि त्यांची भूतकाळी व तिसरी रूपे तपासावीत. या विषयात ‘फरगेट, फरगॉट, फरगॉटन’, ‘लीव्ह, लेफ्ट, लेफ्ट’, ‘टेल, टोल्ड, टोल्ड’, ‘ब्रेक, ब्रोक, ब्रोकन’ ही अनियमित क्रियापदे वारंवार येतात. ती आधीच समोर असली म्हणजे लिहिताना लक्ष रचनेकडे राहते.

रोजचे काम आणि त्या दिवशीची घटना

कथेचा पहिला भाग सवयीचा असतो. ‘मी रोज झाडांना पाणी घालत होतो’ हे वाक्य मनात असल्यामुळे आपल्यापैकी बरेच जण ‘आय वॉज वॉटरिंग द प्लांट्स एव्हरी डे’ असे लिहितात. इंग्रजीत हा चालू भूतकाळ एखाद्या क्षणी सुरू असलेल्या क्रियेसाठी राखलेला असतो. सवय सांगायची असेल तर ‘आय यूज्ड टू वॉटर द प्लांट्स’ किंवा साध्या भूतकाळात ‘आय वॉटर्ड द प्लांट्स एव्हरी डे’ असे लिहावे. कथेचा काळ एकदा स्पष्ट झाला की ‘आय वुड फिल द बकेट फर्स्ट’ असे ‘वुड’ वापरून पुढे जाता येते. मात्र ‘वुड’ केवळ पुन्हा पुन्हा केलेल्या क्रियांसाठी चालते, स्थितीसाठी नाही. ‘माझ्याजवळ एक किल्ली असे’ याचे इंग्रजी ‘आय यूज्ड टू हॅव अ की’ असेच होईल. घटना नेमकी किती वेळा घडली किंवा एखादी गोष्ट किती वर्षे चालली हे सांगायचे असेल, तर ‘यूज्ड टू’ सोडून साधा भूतकाळ घ्यावा. नकारार्थी वाक्यात ‘डिडन्ट यूज टू’ होते आणि तेथे लिहिताना शेवटचे डी अक्षर गळते.

दुसरा भाग त्या एका दिवसाचा. येथे मराठीची आणखी एक सवय आड येते. ‘मी कुलूप लावायला विसरलो होतो’, ‘आई बाहेर गेली होती’ अशी ‘होतो-होती’ची वाक्ये आपण दूरच्या भूतकाळाबद्दल सहज बोलतो आणि मग प्रत्येक वाक्यात ‘हॅड’ येऊ लागते. इंग्रजीत घटना किती जुनी आहे याचा पूर्ण भूतकाळाशी संबंध नाही. वीस वर्षांपूर्वीची गोष्टही ‘आय फरगॉट’ असेच सांगते. भूतकाळातील दोन घटनांपैकी आधी घडलेली घटना मागाहून सांगायची असेल तेव्हाच ‘हॅड’ लागते. बालपणीच्या कथा लिहिणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांकडून ही चूक सहज होऊ शकते, म्हणून या नियमावर भरपूर वेळ द्यावा.

पुढील छोटा परिच्छेद नमुना म्हणून पाहावा.

‘व्हेन आय वॉज टेन, आय वॉज रिस्पॉन्सिबल फॉर लॉकिंग द बॅक डोअर. एव्हरी नाइट आय वुड टर्न द की, पुल द हँडल वन्स अँड पुट द की ऑन अ शेल्फ. वन इव्हिनिंग, व्हाइल आय वॉज रीडिंग, माय सिस्टर आस्क्ड मी फॉर हेल्प. आफ्टर दॅट आय वेंट स्ट्रेट टू बेड. इन द मॉर्निंग द डोअर वॉज ओपन अँड अवर कॅट हॅड गॉन. आय शुड हॅव चेक्ड द डोअर.’

यात ‘हॅड’ एकदाच आले आहे, कारण सकाळ होण्यापूर्वीच मांजर निघून गेले होते आणि ते सकाळी कळले. ‘वॉज रीडिंग’ ही चालू असलेली क्रिया आहे आणि बहिणीने विचारणे ही तिच्या मध्येच घडलेली घटना. ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ नंतर क्रियापद आले तर ते ‘आयएनजी’ रूपात येते. हा परिच्छेद समोर ठेवून आपल्या कथेतील प्रत्येक क्रियापद असेच का निवडले याचे उत्तर स्वतःला द्यावे. उत्तर देता आले नाही, तर तेथे नियम पुन्हा वाचावा.

कोणी सांगितले, कोणी करू दिले

जबाबदारीच्या कथेत सक्ती आणि परवानगी अटळपणे येतात. ‘मस्ट’ला बंधन दाखवणारे भूतकाळी रूप नाही, म्हणून ‘मला करावे लागे’ याकरिता ‘आय हॅड टू’ वापरावे. ‘मस्ट हॅव’ वापरल्यास अर्थ बदलतो आणि ते केवळ अनुमान ठरते. काम अपेक्षित होते, पण बहुधा झाले नाही, असे सुचवायचे असेल तर ‘आय वॉज सपोज्ड टू लॉक द डोअर’ ही रचना फार नेमकी आहे. ‘करायला लावले’ यासाठी ‘मेड मी क्लीन’ आणि ‘करू दिले’ यासाठी ‘लेट मी क्लीन’ असे म्हणतात. दोन्हींत मधे ‘टू’ येत नाही. गंमत अशी की कर्मणी प्रयोगात तेच ‘टू’ परत येते, ‘आय वॉज मेड टू क्लीन’, आणि ‘लेट’ची जागा सहसा ‘आय वॉज अलाउड टू’ घेते. ‘रिमेंबर’ आणि ‘फरगेट’ यांचीही दोन रूपे नीट ओळखावीत. ‘आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर’ म्हणजे आठवणीने कुलूप लावले आणि ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचे आज आठवते. पहिल्या वाक्यात काम झाल्याची खात्री आहे, तर दुसऱ्यात केवळ आठवणीचा आधार, आणि अशा कथेत सारा प्रसंग या फरकावर फिरू शकतो.

कर्ता उघड करणे किंवा झाकणे याचा अभ्यास करण्यासाठी याहून चांगला विषय मला सापडलेला नाही. एकाच घटनेची ‘आय लेफ्ट द डोअर ओपन’, ‘द डोअर वॉज लेफ्ट ओपन’ आणि ‘द डोअर वॉज ओपन’ अशी तीन वाक्ये लिहावीत. पहिल्यात मूल आपली चूक स्वीकारते, दुसऱ्यात कर्ता दिसत नाही आणि तिसऱ्यात फक्त परिस्थिती उरते. मराठीत ‘माझ्याकडून कुलूप लावायचे राहिले’ असे म्हणून आपण दोष थोडा सौम्य करतो. इंग्रजीत तो सौम्यपणा आणायचा की नाही हे लेखकाने ठरवावे आणि त्यानुसार कर्तरी किंवा कर्मणी प्रयोग घ्यावा. कर्मणी प्रयोग केवळ रूपांतराचा प्रश्न म्हणून शिकलेल्या विद्यार्थ्याला तो कशासाठी वापरायचा हे येथे प्रथमच उमगते.

तीच कथा पुन्हा लिहिणे

दर वेळी नवी कथा लिहिण्यापेक्षा एकच कथा निरनिराळ्या प्रकारे लिहिण्याने व्याकरण अधिक पक्के होते. प्रथम ‘आय’च्या जागी ‘शी’ किंवा ‘ही’ घेऊन कथा लिहावी. सर्वनामांची उजळणी होते. त्यानंतर आई-वडिलांच्या बाजूने लिहावे: त्यांनी काम का सोपवले, त्यांना कोणती काळजी वाटत होती आणि सकाळी दार उघडे पाहून त्यांनी काय केले. मग कथेतील संवाद अप्रत्यक्ष कथनात बदलावेत. ‘लॉक द डोअर’ या आज्ञेचे ‘शी टोल्ड मी टू लॉक द डोअर’ होते आणि ‘आय विल डू इट’ या आश्वासनाचे ‘आय सेड दॅट आय वुड डू इट’ होते. ‘टोल्ड’नंतर कोणाला सांगितले ते लगेच यावे लागते, ‘सेड’नंतर तसे नसते.

यानंतर दुरुस्ती. लिहून झाल्यावर लगेच तपासू नये, एक दिवस जाऊ द्यावा. प्रत्येक वाचनात एकच गोष्ट शोधावी. पहिल्या वाचनात फक्त क्रियापदे. ‘डिड नॉट वेंट’सारखे दुहेरी भूतकाळ येथे सापडतात, कारण ‘डिड’नंतर मूळ रूपच लागते. दुसऱ्या वाचनात उपपदे. प्रथम उल्लेख झालेली आणि वाचकाला अनोळखी असलेली वस्तू ‘अ’ घेते व पुढे तीच ‘द’ घेते. तिसऱ्या वाचनात कर्ता आहे की नाही ते पाहावे, कारण मराठीत क्रियापदावरून कळणारा कर्ता आपण गाळतो, तर इंग्रजीत तो बहुतेक वाक्यांत लिहावाच लागतो. ‘ॲट सिक्स’, ‘इन द मॉर्निंग’, ‘ऑन संडे’ ही वेळेची शब्दयोगी रूपेही याच वेळी पाहून घ्यावीत.

शिक्षकांनी हा सराव वर्गात घेताना एक काळजी अवश्य घ्यावी. काही मुलांवर बालपणी त्यांच्या वयाला न पेलणारे ओझे असते आणि ते लिहिणे त्यांना जड जाते. त्यामुळे काल्पनिक मुलाची कथा लिहिण्याची मुभा पहिल्याच दिवशी सर्वांना द्यावी आणि कोणाची कथा खरी आहे हे विचारू नये. वही परत देताना प्रथम कथेबद्दल एक-दोन मनापासूनची वाक्ये लिहावीत, मग चुका दाखवाव्यात, आणि त्याही त्या आठवड्यात शिकवलेल्या रचनेपुरत्याच. पहिल्या मसुद्यातील सर्व चुकांवर लाल रेघा ओढल्या, तर पुढच्या वेळी मूल फक्त खात्रीची, छोटी आणि निर्जीव वाक्ये लिहिते. राहिलेल्या चुका शिक्षकांनी आपल्याकडे टिपून ठेवाव्यात, कारण पुढच्या आठवड्यात कोणती रचना शिकवायची हे त्यांवरूनच ठरवता येते.