रेनबो ब्रिजवरून कॅनडात आणि परत: भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी

नायगाऱ्याला गेल्यावर हा प्रश्न पडतोच: अमेरिकेच्या काठावरून समोर कॅनडा तर दिसतोय, पलीकडून धबधबा अख्खा दिसतो म्हणतात, मग जाऊन यायचं का? रेनबो ब्रिज जेमतेम ४४० मीटरचा आहे, चालत दहा मिनिटं. पण पुलावर मधेच यू-टर्न नाही. एकदा चढलात की कॅनडाच्या तपासणी-बूथपर्यंत जावंच लागतं आणि तिथून अमेरिकेत परतताना कागद पहिल्यापासून तपासले जातात. म्हणून तयारी जाण्याची नव्हे, परतण्याची करायची.

कोणाला कॅनडाचा व्हिसा लागतो

भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकेचा एच-१बी (नोकरी), एच-४ (एच-१बीवाल्यांचे कुटुंबीय), एफ-१ (विद्यार्थी), एल-१ (कंपनीतली बदली) किंवा बी-२ (पर्यटक) व्हिसा असलेल्या प्रत्येकाला कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो. अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणून सूट मिळत नाही आणि पुलावर व्हिसा मिळत नाही. फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर, बोटांचे ठसे द्यायचे असतील तर आणखी ८५. अर्ज ऑनलाइन होतो, पण ठसे देऊन मग पासपोर्ट शिक्क्यासाठी पाठवावा लागतो. त्यामुळे लाँग वीकएंडच्या आठवडाभर आधी सुचून उपयोग नाही. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर जुना आणि नवा दोन्ही सोबत घ्या.

ग्रीन कार्डवाल्यांना व्हिसा नको, पण नुसतं कार्ड चालत नाही. चालू मुदतीचा भारतीय पासपोर्टही लागतो. पासपोर्ट नूतनीकरणाला पाठवलाय आणि कार्ड खिशात आहे, असं असेल तर धबधबा अलीकडूनच पाहा. अमेरिकेत जन्मलेली १६ वर्षांखालची मुलं जमिनीवरून येताना जन्मदाखल्यावर येऊ शकतात, पण पासपोर्ट असेल तर तोच घ्या. आई किंवा बाबा एकटेच मुलांना घेऊन जात असतील तर दुसऱ्याचं सहीचं संमतिपत्र, फोन नंबरासह, जवळ ठेवा. कॅनडाचा अधिकारी ते मागू शकतो.

परतीचा कागद: आय-९४

आय-९४ म्हणजे अमेरिकेत कधी शिरलात आणि कधीपर्यंत राहता येतं याची सरकारी नोंद. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. पासपोर्टमधला अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर तो दाखवून परत येता. संपला असेल, म्हणजे 'स्टॅम्पिंग' बाकी असेल, तरी एक वाट आहे: ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन, म्हणजे संपलेला व्हिसा परतीपुरता चालू धरण्याची सवलत. अटी अशा. कॅनडातला मुक्काम ३० दिवसांपेक्षा जास्त नको. आय-९४ ची मुदत शिल्लक हवी आणि त्याची छापील प्रत जवळ हवी. तुमचं स्टेटस, म्हणजे अमेरिकेत ज्या प्रकारात राहता ते, चालू हवं. आणि त्या फेरीत कॅनडातल्या अमेरिकी वकिलातीत नव्या व्हिसासाठी अर्ज केलेला नसावा. शेवटची अट लोक विसरतात. टोरांटोला जातोच आहोत तर स्टॅम्पिंगही उरकू म्हणून अर्ज केलात की ही सवलत गेली; मग नवा व्हिसा हातात पडेपर्यंत परत येता येत नाही.

एफ-१ वरून अमेरिकेतच एच-१बी झालेल्यांनाही, जुना एफ-१ शिक्का संपला असला तरी, याच नियमाने येता येतं. एच-१बीवाल्यांनी मूळ आय-७९७ (मंजुरीची नोटीस) आणि अलीकडच्या दोन-तीन पे-स्लिप घ्याव्यात. विद्यार्थ्यांनी आय-२० (कॉलेजने दिलेला प्रवेशाचा कागद) वरची प्रवासाची सही पाहावी: ती एक वर्ष चालते, ओपीटीवर (शिक्षणाशी जोडलेली कामाची परवानगी) असाल तर सहा महिनेच.

एच-१बीची मुदत वाढून आली असेल तर नवा आय-९४ आय-७९७ च्याच खालच्या भागात छापलेला असतो. अमेरिकेच्या आय-९४ वेबसाइटवर दिसतो तो विमानतळावरचा जुना, आधी संपणारा. दोन्ही छापून न्या आणि बूथवर नवा दाखवा. परत आल्यावर वेबसाइटवर जाऊन तारीख पाहायचीच. पासपोर्ट लवकर संपणार असेल तर नव्या आय-९४ ची तारीखही तिथेच कापली जाते, आणि हे महिन्यांनी लक्षात येतं. जमिनीवरून नवा आय-९४ काढावा लागला तर ३० डॉलर पडतात. अर्ज आधीच्या सात दिवसांत ऑनलाइनही करता येतो.

स्टेटस बदलण्याचा अर्ज, समजा एच-४ वरून एफ-१ चा, प्रलंबित असेल तर पूल चढू नका. देशाबाहेर पाऊल पडलं की तो अर्ज सोडून दिला असं धरतात.

बी-२ वर भेटीला आलेल्या आई-बाबांबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे: कॅनडाला जाऊन आलं की सहा महिने पुन्हा नव्याने मिळतात. तसं होत नाही. कॅनडातले दिवसही आधीच्या मुदतीत धरले जातात आणि परतताना साधारण उरलेली मुदतच मिळते. त्यांची मेडिकल पॉलिसी कॅनडात चालते का हेही पाहा. नुसत्या अमेरिकेपुरत्या पॉलिसी पुष्कळ असतात.

कोणता पूल

नायगारा नदीवर गाड्यांसाठी सरहद्दीचे चार पूल आहेत. धबधब्याशी रेनबो ब्रिज. आधीचा पूल २७ जानेवारी १९३८ ला बर्फाच्या रेट्याने कोसळला, म्हणून हा १९४१ मध्ये बांधून खुला केला, पाण्यापासून ६२ मीटर उंच. त्याच्यावर ट्रक नाहीत. टोरांटोला जायचं असेल तर उत्तरेचा लुइस्टन-क्वीन्स्टन पूल बरा, हायवेवरून हायवेवर उतरता. मात्र इथून ट्रकही जातात. बफेलोहून पीस ब्रिज, १९२७ चा. व्हर्लपूल रॅपिड्स पूल फक्त नेक्सस कार्डवाल्यांना (आधीच तपासणी झालेल्या प्रवाशांचं झटपट सरहद्द ओलांडायचं कार्ड), आणि गाडीतल्या तान्ह्या बाळाकडेही कार्ड हवं.

निघण्याआधी सगळ्या पुलांवरची प्रतीक्षा वेळ फोनवर पाहा. शनिवारी सकाळी कॅनडाकडे आणि रविवारी संध्याकाळी अमेरिकेकडे गर्दी असते. १ आणि ४ जुलैच्या आसपास, तसंच लेबर डेला तर विचारूच नका.

दोन-चार तासांसाठीच जायचं असेल तर गाडी अमेरिकेच्या बाजूला लावून चालत जा. पायवाट धबधब्याकडच्या अंगाला आहे, मधोमध सरहद्दीची पाटी लागते, तिथे फोटो काढता येतो. गाडीतून जाणाऱ्यांना पुलावर थांबता येत नाही. परतताना कॅनडाच्या बाजूला फिरत्या फाटकाशी माणशी एक डॉलर पडतो, तेव्हा सुटी नाणी ठेवा. गाडीचा टोल कॅनडात शिरताना घेतात.

कॅनडाला जायचंच नसेल तर जीपीएसमध्ये नुसतं 'नायगारा फॉल्स' टाकू नका, पलीकडचं गावही त्याच नावाचं आहे. न्यूयॉर्कच्या स्टेट पार्कचं नाव टाका आणि 'ब्रिज टू कॅनडा' अशी पाटी दिसली की लेन बदला.

डिकीत काय नको

भाड्याची गाडी असेल तर करारात कॅनडाला परवानगी आहे का पाहा. स्वतःची असेल तर विमा कंपनीकडून कॅनडासाठीचं नॉन-रेसिडेंट विमा कार्ड मागून घ्या, फुकट मिळतं.

पेपर स्प्रे कॅनडात बंदी असलेलं शस्त्र आहे. किल्लीच्या जुडग्याला अडकवलेला घरीच काढून ठेवा. गांजा न्यूयॉर्कमध्येही कायदेशीर, ऑन्टारिओतही. पण पुलावरून नेणं दोन्हीकडे गुन्हा. रोख १०,००० किंवा जास्त असेल तर (कॅनडात कॅनेडियन डॉलर, अमेरिकेत १०,००० च्या वर अमेरिकी) सांगावं लागतं.

चकली, भाकरवडी, फोडणीचे पोहे यांची कोणाला अडचण नसते. अडतं ते ताजं. कढीपत्ता अमेरिकेत आणता येत नाही, कारण त्याच्यावरची कीड लिंबू-संत्र्यांच्या बागांना रोग लावते. लिंबू, आंबा, संत्री टोरांटोच्या भारतीय दुकानातून घेतली असतील तर पुलाआधी संपवा. डब्यात काय आहे ते विचारलं की सगळं सांगा. सांगितलेलं फार तर काढून घेतात. लपवलेल्याचा दंड होतो. औषधं मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसह.

बूथपाशी

रांगेतच पासपोर्ट कव्हरमधून काढा, फोटोचं पान उघडून एकत्र चालकाकडे द्या. गाणी बंद, गॉगल काढलेले, मागच्या काचाही खाली, म्हणजे अधिकाऱ्याला सगळे चेहरे दिसतात. मोबाइलचं चित्रण नको. कुठून आलात, कुठे, किती दिवस, काय आणलंय एवढंच विचारतात. उत्तर एकाने, तेवढंच द्यावं. मागच्या सीटवरून काकांनी भर घातली की पिवळी चिठ्ठी मिळण्याची शक्यता वाढते. चिठ्ठी मिळाली म्हणजे 'सेकंडरी'ला गाडी लावून आत बसायचं. शिक्का संपलेल्यांना अमेरिकेच्या बूथवर हे हमखास होतं, घाबरायचं कारण नाही. "ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन" हे शब्द वापरा, आय-९४ आणि आय-७९७ पुढे करा आणि तासभर गृहीत धरा. आय-९४ ची प्रत अधिकाऱ्याने ठेवून घेतली तर नवी कधी दिसेल ते तिथेच विचारून घ्या.

कॅनडात शिरताना शिक्का नेहमी मारतीलच असं नाही. तुमच्या जाण्या-येण्याची नोंद दोन्ही देश एकमेकांना कळवतात, तरी टोलची किंवा पार्किंगची पावती वर्षभर जपून ठेवा. पुढे कधी तारखांचा वाद निघाला तर तीच कामाला येते.