एअर रायफलचा छर्रा खाली लागत होता: माझा अनुभव

खानापूरला परसात सराव करताना माझी ४.५ मिमीची, नळी मोडून भरायची एअर रायफल १० मीटरवर चार बोटं खाली मारू लागली. छर्रे बदलले, नळी पुसली, नेम धरायची साइट वर घेतली. दोन रविवार नुसतं डोकं फिरलं.

मग नळीच्या सांध्यावर टिश्यूची पट्टी ठेवून बार काढला. पट्टी फर्रकन उडाली! हवा तिथूनच निसटत होती, म्हणून छर्‍याला जोर कमी पडत होता.

रायफल रिकामी असल्याची खात्री केली. नळी थोडीच उघडली, स्प्रिंगचा ताण लागायच्या आत थांबवली. सांध्यातलं चपटं झालेलं, हवा अडवणारं सील टाचणीनं उचकटलं, खाच कोरड्या कापडानं पुसली. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून त्याच मापाची ओ-रिंग (रबरी कडं) आणून बसवली. ती खाचेबाहेर केसभर वर हवी. माझी बुडली, म्हणून खाली कागदाची पातळ चकती घातली.

आता पट्टी हलत नाही. वर घेतलेली साइट तेवढी परत खाली आणावी लागली.