निळा पंप किती वेळा लागतो, ते मोजा

गणपतीला चाकरमानी गावी येतो, बंद घराचं कुलूप काढतो आणि पावसाळाभर ओल धरलेल्या भिंतींची बुरशी झाडायला घेतो. घरात कुणाला दमा असेल तर छाती तिथेच भरते. अशा वेळी खिशातला निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉलचा इनहेलर, कामी येतो. श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू तो सैल करतो; साधारण 5 मिनिटांत बरं वाटू लागतं, परिणाम 4 ते 6 तास टिकतो. पण आतली सूज त्याने उतरत नाही. ती उतरवणारा स्टिरॉइडचा पंप वेगळा, आणि तो डॉक्टरांनी रोज सांगितला असेल तर बरं वाटत असतानाही घ्यायचा. लोक नेमका तोच बंद करतात! निळा आठवड्यात दोनदाहून जास्त लागला तर दमा आटोक्यात नाही, डॉक्टरांना गाठा.

घेताना पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, दाबताच सावकाश आत ओढा, 10 सेकंद रोखा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, असेल तर उत्तमच. डबी पाण्यात तरंगते का बघून औषध मोजणं हा निव्वळ खुळेपणा, पंपावरचा उरलेल्या डोसांचा आकडा बघा.

पंप घेऊनही वाक्य पुरं करताना धाप लागत असेल तर आरती संपायची वाट बघू नका, 108 ला फोन लावा.