व्हिडिओ फाइलचा मेटाडेटा तपासण्याचे साधन निवडताना या चुका टाळा

सिंधुदुर्गातल्या एका दशावतारी प्रयोगाचे चित्रण आम्ही एका फोनने आणि एका कॅमेऱ्याने केले होते. प्रयोग मध्यरात्रीनंतर रंगला. नंतर मेटाडेटा, म्हणजे फाइलीत तिच्याचबद्दल नोंदवलेली माहिती, वाचणाऱ्या एक्झिफटूल या साधनाने सर्व फाइलींची चित्रणवेळ काढून त्या क्रमाने लावल्या, तेव्हा रात्री १:१५ वाजता फोनवर घेतलेला भाग आदल्या दिवशीच्या १९:४५ वर दिसू लागला आणि कॅमेऱ्याचा १:२० चा भाग मात्र जागच्या जागी राहिला. फोनच्या सगळ्या फाइली कॅमेऱ्याच्या फाइलींआधी जाऊन बसल्या. त्याच यादीवरून फाइलींना नावे दिली असती, तर प्रयोगाचा क्रम कायमचा बिघडला असता.

फरक बरोबर साडेपाच तासांचा होता. एमपी४ आणि क्विकटाइम प्रकारच्या फाइलीत चित्रणवेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या यूटीसीमध्ये, लिहावी असा संकेत आहे. बहुतेक फोन तो पाळतात, अनेक कॅमेरे मात्र त्याच जागी स्थानिक वेळ लिहून टाकतात. एक्झिफटूल फाइलीत जे लिहिले आहे तेच जसेच्या तसे दाखवते. ही वेळ यूटीसी समजून स्थानिक वेळेत बदलण्याची सोय त्यात आहे, पण ती सरसकट सगळ्या फाइलींना लावणे ही दुसरी चूक ठरते, कारण मग कॅमेऱ्याच्या वेळा साडेपाच तास पुढे सरकतात. मीडियाइन्फो हे दुसरे साधन वेळेपुढे यूटीसी असे लिहिते खरे, पण तेही संकेतावरच विसंबून असते. म्हणून प्रत्येक उपकरणाने भिंतीवरच्या घड्याळाचे दहा सेकंदांचे चित्रण करून साधन कोणती वेळ सांगते ते आधी पाहून घ्यावे. इतकी साधी चाचणी न करता शेकडो फाइलींवर काम सुरू करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

साधन निवडताना बहुतेक जण आधी साधनाचे नाव विचारतात. खरे तर आपल्याला फाइलीबद्दल काय जाणून घ्यायचे आहे, हे आधी ठरवायला हवे. चित्रण कधी झाले, कोणत्या कॅमेऱ्याने झाले, स्थळाची नोंद आहे का, अशा प्रश्नांसाठी एक्झिफटूल उत्तम आहे. कंटेनर (चित्र आणि ध्वनी एकत्र ठेवणारा फाइलप्रकार), कोडेक (चित्र-ध्वनी दाबून साठवण्याची पद्धत), बिटरेट (दर सेकंदाला खर्ची पडणारा डेटा) आणि ध्वनीचे चॅनेल एका नजरेत वाचायचे असतील तर मीडियाइन्फो सोयीचे पडते. एफएफएमपेग या व्हिडिओवर प्रक्रिया करणाऱ्या साधनासोबत येणारे एफएफप्रोब प्रत्येक फ्रेमपर्यंत, म्हणजे एकेका स्थिर चित्रापर्यंत, खोल जाऊ शकते, म्हणून शंकास्पद फाइल उलगडायला तेच हाताशी असावे. शिवाय फाइलीच्या नावामागचे एक्स्टेंशन पाहून कोडेक ठरवू नये. एकाच एमओव्ही कंटेनरमध्ये एच.२६४ असू शकतो, प्रोरेसही असू शकतो.

फ्रेम रेटच्या, म्हणजे दर सेकंदाला किती फ्रेम आहेत याच्या, बाबतीत फसगत अधिक होते. फोन अंधारात फ्रेमचा वेग कमी करतो, त्यामुळे रात्रीच्या चित्रणात तो बदलता असतो. एफएफप्रोब दोन आकडे देते, एक सरासरी आणि दुसरा वेळेच्या नोंदींवरून बांधलेला अंदाज. यांतला दुसराच खरा मानून संकलन केले, तर अर्ध्या तासाच्या चित्रणात हार्मोनियमचा सूर आणि वादकाची बोटे यांचा मेळ हळूहळू सुटत जातो. दोन आकड्यांत तफावत दिसली की मीडियाइन्फोमध्ये फ्रेम रेट मोड कॉन्स्टंट (स्थिर) आहे की व्हेरिएबल (बदलता), ते पाहावे, आणि त्यातला किमान व कमाल वेगही टिपून ठेवावा.

जुन्या मिनीडीव्ही टेपवरून उतरवलेल्या पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या फाइलीत ७२० × ५७६ असा आकार दिसतो. त्यावरून गुणोत्तर ५:४ आहे असे समजून चित्र ताणू नये. पिक्सेल चौरस नसतात आणि चित्र ४:३ किंवा १६:९ दाखवायचे असते. साधनातील डिस्प्ले आस्पेक्ट रेशो (दाखवायचे गुणोत्तर) हा रकाना त्यासाठीच असतो. उभ्या धरलेल्या फोनच्या चित्रणातही रुंदी १९२० आणि उंची १०८० अशी नोंद असून फिरवण्याची सूचना वेगळ्या रकान्यात असू शकते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मेटाडेटा नीट दिसला म्हणून फाइल शाबूत आहे असे मानणे. ही साधने बहुतांशी फाइलीने स्वतःबद्दल केलेली नोंद वाचतात. एमपी४ फाइलीची अनुक्रमणिका सुरुवातीलाच असेल, तर कॉपी अर्ध्यावर तुटली तरी मीडियाइन्फो पूर्ण कालावधी दाखवू शकते. ती शेवटी असेल, तर तीच फाइल उघडतच नाही. खात्री करायची असेल तर एफएफएमपेगकडून संपूर्ण फाइल डीकोड करून, म्हणजे शेवटपर्यंत उलगडून, घ्यावी आणि त्रुटींचे संदेश पाहावेत. वेळ लागतो, पण त्याला पर्याय नाही. मूळ कार्डावरील फाइलीचा चेकसम (तिच्यातल्या डेटावरून काढलेला ओळखक्रमांक) कॉपी करण्याआधीच काढलेला असेल, तर नंतर जुळवणी करणे सोपे जाते.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल तपासायला घेऊ नये. ती पुन्हा एन्कोड झालेली, म्हणजे नव्याने दाबून साठवलेली, असते आणि तिच्यातल्या मूळ नोंदी बहुधा गेलेल्या असतात. चित्रण करणाऱ्याकडून मूळ फाइलच मागावी, निदान ती डॉक्युमेंट म्हणून तरी मागवावी.

फाइली पुष्कळ असतील तर पडद्यावरचा मजकूर चिकटवून तक्ता करू नये, कारण वाचण्यासाठी दाखवलेले आकडे अनेकदा पूर्णांकित केलेले असतात. तिन्ही साधने जेसन या संगणकाला थेट वाचता येणाऱ्या मजकूर-स्वरूपात माहिती देतात, ती घ्यावी आणि सोबत साधनाची आवृत्ती नोंदवावी. आम्ही त्या प्रयोगाच्या तक्त्यात आता फाइलीत लिहिलेली वेळ आणि दुरुस्त केलेली भारतीय वेळ असे दोन रकाने ठेवतो आणि पहिला रकाना कधीही बदलत नाही.